शून्य पूर्णांक तीन

अहमदीच्या सर्व्हे ऑफिसात माझ्या टेबलावर तीन पेनं.
सगळ्यात बारीक सीमेसाठी, शून्य पूर्णांक तीन.
नबील म्हणायचा, परकार, हात हलू देऊ नकोस,
दहा लाखाच्या नकाशावर
ह्या टोकाखाली तीनशे मीटर वाळू येते.
वाळूखाली काय, ते तो सांगत नसे.

मी दाभोळचा. आमच्याकडे बांध कोरतात,
दरवर्षी वीतभर, फाळाच्या बहाण्यानं,
मग दोन पिढ्या कोर्टाबाहेर चहा पितात.
म्हणून ते भांडण मला परकं वाटलं नाही:
तुमची विहीर तिरकी आहे,
आमच्या बुडाखालचं उपसता;
आठ वर्षं तुमच्यासाठी मेलो
आणि तुम्ही उधारीची वही उघडता?
त्या जुलैत रेडिओ रोज हेच सांगायचा.
आम्ही आवाज बारीक करून जेवायचो.
कुणी म्हणालं, नुसता दम आहे, भाव वाढवायला.
मी म्हणालो, हो.
इतिहासात माझं योगदान एवढंच.

गुरुवारी पहाटे फोन उचलला
तर आत काहीच नव्हतं,
ती नेहमीची गाजसुद्धा.

चौथ्या दिवशी ऑफिसात एक शिपाई आला.
मिसरूड फुटत होतं. दोन पायांत दोन मापांचे बूट.
नाव हातिम. भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहिला,
परक्याच्या लग्नात उभं राहावं तसा.
त्याला त्याचं गाव दाखवायचं होतं.
बोट वर नेत गेला, सीमेवरून, चौकटीवरून,
चुन्यावर, थेट पंख्याच्या बटणापाशी.
म्हणाला, इथे. आई इथे असते.
मी त्याला चहा दिला. साखर संपत आली होती.
जाताना त्यानं ट्रेसिंग पेपरची गुंडाळी उचलली,
सिगारेटी वळायला असेल.
नबीलनं स्टॉकच्या वहीत मांडलं:
एक गुंडाळी, दिली.

पुढचं सगळ्यांचं सारखंच. बसरा, बगदाद, अम्मान,
पाण्याच्या टँकरमागे धावणारी चांगली शिकलेली माणसं.
मुंबईला उतरलो तेव्हा दिनार कुणी घेईना.
ज्या देशाचे ते होते
तो देश त्या महिन्यात नव्हता.

परत गेलो तेव्हा दुपारी दोनला बसचे दिवे लागलेले.
विहिरी जळत होत्या. मेंढ्या काळ्या,
कुणाची कुठली, मेंढपाळालाही ओळखू येईना.
मुतलाच्या रस्त्यावर जळक्या गाड्यांची रांग.
बूट मी पाहिले नाहीत.
म्हणजे पाहिले. मापं पाहिली नाहीत.

नबील नव्हता.
त्याच्या लोकांनी म्हणे शिपायांना चहा दिला.
तो जन्मला ह्याच गावच्या दवाखान्यात,
त्याचा बाप हैफाची किल्ली खिळ्याला टांगून मेला.
चहा मीही दिला होता.
पण माझ्या पासपोर्टामागे एक गाव होतं,
एक बंदर, आणि पोस्टमन.

आता नवा नकाशा. सुरुंगांसाठी तिरप्या रेघा,
साचलेल्या तेलाच्या तळ्यांसाठी खूणच नव्हती.
उत्तरेकडचे पक्षी पाणी समजून उतरायचे,
आणि मग तिथेच.
मी खूण बनवली: काळी कडा, आत रिकामं.
साहेबांना आवडली. छापली.
मग बाहेरचे लोक आले, सीमा पुन्हा मोजली,
थोडी सरकली.
पेन तेच.

भिंतीला नवा रंग दिला होता, काजळी झाकायला.
पंख्याचं बटण मात्र जुनंच.
पंखा लावताना मी अजून जपून लावतो,
कुणाच्या अंगणात पाय पडू नये तसा.

वर्षाअखेर नव्या साहेबानं वही पुढे सरकवली.
नबीलचं वळणदार अक्षर, पुढचा रकाना कोरा.
ही गुंडाळी कुठे आहे?
मी टोपण काढलं, आणि साहेबाला न येणाऱ्या भाषेत,
हात हलू न देता
लिहिलं: खपली.