खिळे

वेदर्सफील्डमधल्या त्या घराची
मागची भिंत उघडलीय.
पाटीवर साल: सतराशे बावन्न.
ओबेड सुतार एकेक खिळा उपसतो,
मी ताटलीत मोजून ठेवते,
चौकोनी, घडीव,
माथ्यावर लोहाराचे चार घाव.

"गाव सोडताना लोक घरच जाळायचे,"
तो म्हणतो,
"राख चाळून खिळे तेवढे न्यायचे.
लाकूड काय, रानभर होतं."

माझी मोजदाद चुकते.

मी निघाले तेव्हा
काही जाळलं नाही.
निदान तेव्हा तसं वाटलं.
साड्यांच्या घडीत विळी होती फक्त;
कस्टमवाल्यानं पातं उलटंसुलटं पाहिलं,
हे कशासाठी?
नारळ, म्हटलं.

ओबेड वाकडा खिळा ऐरणीवर धरतो,
हलकेच ठोकून सरळ करतो,
त्याच्याच भोकात परत बसवतो.

एकशे बारा.
की तेरा?