घडी

रात्री साडेदहाला माल्विनच्या बसमधून उतरते इराईदेस,
थर्मास टेबलावर आपटते
आणि कोट न काढताच सांगते,
"आज पुन्हा फुटलं, बाबा."
म्हणजे विश्व.

माझ्याकडे फुटतात ते बांदोनेऑनचे भाते,
तुटतात पत्त्या, निखळतात शिंपल्याची बटणं.
तिच्याकडे विश्व फुटतं, आठवड्यातून दोनदा,
कारण मागे मागे जाताना एक घडी अशी येते
की रेघेखाली नुसतं शून्य उरतं.
आणि शून्याने भागायचं नसतं
हे तर मलाही तिसरीत छडी खाऊन कळलं होतं.

मी विचारलं, चूक विश्वाची की गणिताची?
ती म्हणाली, भांडण तेवढंच आहे.

ऑगस्टच्या शेवटी सांता रोसाचं वादळ आलं,
नदीचं तांबडं पाणी रस्त्यावर चढलं, दिवे गेले.
माझ्या बाकावर एक जर्मन भाता उघडा पडला होता,
सोललेल्या माशासारखा.
तिने तो उचलला, दोन्ही तळव्यांत धरून मिटत गेली.
दाब, म्हटलं, आणखी दाब.
"आता जात नाही."
जाणार कसा? घडीवर घडी आली की संपलं.
पुठ्ठ्याला जाडी असते, पोरी.

ती जे गप्प झाली
ते वीज येईपर्यंत.
मग माझ्याच पुठ्ठ्यावर माझ्याच पेन्सिलीने
मला समजावत बसली:
जागेलाही जाडी असेल तर?
सगळ्यात लहान असा एक तुकडा,
ज्याच्या आत अर्धा नाही, पाव नाही, काहीच नाही.
मग मिटत आलेलं विश्व शून्याला शिवणारच नाही.
अडेल. उलटं रेटेल. उघडू लागेल.
पुठ्ठा वाया गेला. मी काही बोललो नाही.

पंधरा दिवसांनी ती एक कागद घेऊन आली.
रेघ खाली येते, जमिनीच्या बोटभर वर थबकते,
आणि पुन्हा चढते.
भोक नाही, बाबा! कुठेच भोक नाही!
त्या रात्री आम्ही तानातची बाटली संपवली.
खरं तर मीच संपवली.

मग वॉर्सातून तो ल्युदोमिर पडद्यावर आला,
दाढीवाला, फार सभ्य.
म्हणाला, तुमचं विश्व सगळीकडे सारखंच आहे,
मळून मळून गुळगुळीत केलेल्या कणकेसारखं.
खऱ्यात गुठळ्या आहेत. त्या मिटताना काय होईल?
आणि ही जाडी सिद्धांतातून आली
की तुम्हीच हाताने घातली?

तीन दिवस ती जेवणावर नुसता काटा फिरवत होती.

मला हा प्रश्न जुना.
गिऱ्हाईकही हेच विचारतं: फाटलेलं सांधलंय,
की वरून नुसतं कातडं चिकटवलंय?
बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.
मी दिवा मालवतो, कोपऱ्यांशी मेणबत्ती धरतो,
भाता हळूच दाबतो. ज्योत हलली तर खोटं.
तुझी मेणबत्ती कुठे आहे, मी विचारलं.
"आकाशात," ती म्हणाली, "फार जुना उजेड आहे.
त्यात कदाचित एखादी थरथर असेल.
पण अजून तेवढं बारीक कुणाला दिसत नाही."

म्हणजे तिला माहीत नाही.
मला बरं वाटलं ते ऐकून, का कोण जाणे.

एक गोष्ट मात्र मी तिला दाखवली.
हे बटण. उघडताना दाबलं तर एक सूर,
मिटताना तेच बटण, तेच बोट,
आणि सूर निराळाच.
जो फक्त उघडताना ऐकायला आला
त्याला दुसरा कसा कळावा?
तिने लाकडाच्या बिलामागे काहीतरी लिहून घेतलं.
ते बिल अजून सापडलेलं नाही.

आता ती सोफ्यावर झोपली आहे, कोटासकट.
उद्या मंगळवार, वाद्य न्यायला माणूस येईल.
मी भाता मिटतो, पट्टा ओढतो,
आणि शेवटच्या घडीला कान लावतो.
आत थोडी हवा राहतेच.
किती, ते चाळीस वर्षांत
मी कधी मोजलं नाही.