डावीकडे पडणारा माणूस

वडिलांचं नाव तोमेकिची.
तोमे म्हणजे थांब, पुरे.
आठव्या पोरानंतर आजोबांनी देवाला दिलेली तंबी होती ती.
आडनाव उराबे. पडद्यावर ते क्वचितच यायचं,
नावांच्या यादीत बहुधा ‘इतर’.

क्योतोच्या पश्चिमेला, उझुमासाच्या स्टुडिओत
एकतीस वर्षं ते मेले.
पहाटे कपाळाला टोपाचा डिंक,
दुपारी पोटात नायकाची बांबूची तलवार,
संध्याकाळी सायकलच्या हँडलला मुळे लटकवून घरी.

एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख. कुणाच्या हातून. कुठे. रोजी किती.
‘पूल, पावसात. तिसरा वार. पाण्यात पडल्याचे वीस येन जादा.’
‘देवळाच्या पायऱ्या. सातजण, मी पाचवा.’
‘आज चेहरा दिसला असावा.’
त्या पानावर पुढे काहीच नाही.

एका घोड्याने उजवा खांदा मोडला
तेव्हापासून ते डावीकडेच पडत.
कॅमेरावाल्यांना ठाऊक होतं. त्या हिशेबाने
दिवा थोडा सरकवत.
एवढाच काय तो मान.

आई लोकांचे किमोनो उसवून, धुऊन, पुन्हा शिवायची.
नवरा काय करतो, असं कुणी विचारलं तर म्हणायची,
“पडतो.”
आणि पुढचा टाका घालायची.

मग एका हिवाळ्यात त्यांना जिवंत भूमिका मिळाली.
रात्रीचा उदोनवाला. हातगाडी, कंदील,
आणि एक अख्खं वाक्य: “गरम आहे, जपून.”
महिनाभर आम्ही उदोनच खाल्लं.
पळी भरायची, ओतायची,
मनासारखं झालं नाही की वाडगा परत पातेल्यात.
कधी खालच्या पट्टीत, कधी ओसाकाच्या हेलात
“गरम आहे, जपून”
आणि धाकटा शोजी म्हणायचा,
“पण बाबा, हे गार झालंय.”
अंगठा भाजला तो तेव्हाच.
डाग राहिला, चिंचोक्याएवढा.

चित्रपट लागला. आम्ही सगळे गेलो,
शेजारच्या मिझोगुची बाईसुद्धा, पावडर लावून.
वाक्य नव्हतं. चेहरा नव्हता.
वाफ होती, आणि वाफेतून पुढे आलेला एक हात.
घरी येताना आई म्हणाली, “बाही नीट शिवलेली होती.”
वहीत त्या दिवशी:
‘मेलो नाही. रोजी नेहमीचीच.’

खरोखरचे गेले ते
सरकारी इस्पितळात, उताणे, कुणी न मारता.
सराव नव्हता त्यांना अशा जाण्याचा.
फार वेळ लागला.

परवा नागोयात एका लहानशा थिएटरात
जुन्या रिळांचा खेळ होता.
तिकीट काढून मागे बसले.
तलवारी झाल्या, नायिका रडली,
रीळ दोनदा तुटलं.
मग हात आला.
अंगठ्यावर डाग, आमच्या स्वयंपाकघरातला.
अकरा सेकंद असतील.

पुढच्या रांगेतला म्हातारा
बायकोच्या कानाशी वाकला,
“जाताना उदोन खायचं का?”
ती म्हणाली, “इतक्या रात्री कुठे मिळणार.”