मोठ्या डोक्याचं मशीन

दाढीचं मशीन नान्नाचं.
पितळी, जड, डोकं हे एवढं.
गालावरून जातं गुमान, रोलर फिरल्यासारखं,
आणि नाकाखाली आलं की अडतं,
भवानी पेठेच्या बोळात चादरींच्या गठ्ठ्यांचा टेम्पो अडतो तसं:
इकडं भिंत, तिकडं भिंत,
आणि ड्रायव्हर म्हणतो, बसतंय की ओ.

बसत नाही.

म्हणून आमच्या घरात सगळ्यांना मिशा.
लोकांना वाटायचं, येमूलांचा रुबाब.
रुबाब कसला. मापाचा प्रश्न होता.
मिलमधल्या कुठल्याशा मास्तरानं गाव सोडताना
नान्नाला हे दिलं, सोबत एक पातं आणि एक वाक्य:
गाल तुझे, ओठ देवाचा.
नान्ना ते आधी तेलुगूत सांगायचे, मग मराठीत,
आणि दोन्ही वेळा स्वतःच हसायचे.
पुढं मिल गेली, भोंगा गेला,
नान्नाही गेले.
मशीनला काही झालं नाही.

आज पाण्याचा दिवस. पाचव्या दिवसाचं पाणी
पहाटे चारला आलं.
पिंप भरलं, कळशा भरल्या, शेवटी कुकरसुद्धा,
आणि झोप उडाली ती उडालीच.
आरशासमोर बसलो कात्री घेऊन, उगाच.
डावी बाजू जरा कमी केली.
मग उजवी जड वाटली.
ती कमी केली तर डावी.
वांगी तोलणाऱ्या बाईसारखं
यातलं काढ, त्यातलं काढ,
असं करता करता मिशीचा राहिला सुरवंट,
मग अर्धा सुरवंट,
मग नुसता संशय.

सोमवार. लक्ष्मणचं दुकान बंद.
पोराचं प्लास्टिकचं मशीन पोरासोबत पुण्याला.
आणि एवढासा संशय नाकाखाली घेऊन
अशोक चौकातनं कामावर जायचं म्हणजे...

तर हेच.

साबण. एक मग पाणी, त्याच्यावर नाही.
नाक चिमटीत धरून वर, जरा बाजूला.
मशीन सरळ धरायचं नाही,
डोक्याचा एक कोपराच तेवढा आत घालायचा,
घरमालक झोपलेला असताना
सायकल आत घेतो तसा.
हा कोपरा झाला.
मग तो.
मधली खाच उरली. ती सगळ्यात वाईट.
तिथं वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा, घट्ट,
बोळकं झालेल्या माणसासारखा,
श्वास धरायचा,
आणि वरून खाली, एकदाच, तांदळाएवढं.

ओढला ओठ,
आणि आरशात अम्मा.

विड्या मोजताना हेच तोंड करायची ती.
ओठ दातांवर, डोळे बारीक,
मांडीवर सूप, सुपात पंचवीस-पंचवीसच्या जुड्या.
मध्येच कुणी बोललं की हात वर: थांब.
आकडा ओठाखाली दाबून धरलेला असायचा.
सुटला तर जुडी परत पहिल्यापासून.
मी शाळेची फी मागायला उभा,
दारात दूधवाला उभा,
सगळी गल्ली त्या हातापुढं उभी.

खाच तीच. डाव्या अंगाला किंचित चढलेली.
तीस वर्षं मी नान्नाच्या मिशीखाली
हिचा ओठ घेऊन हिंडलो,
चहा प्यायलो, शिव्या दिल्या, युनियनच्या सभेत बोललो,
आणि मला वाटायचं मी नान्नावर गेलोय.
नात्यातलेही तेच म्हणायचे.
तेही मिशीच बघत असणार.

कुठंतरी लागलं असावं,
फेसात एक तांबडा ठिपका आला,
हळूहळू गुलाबी झाला.
तुरटी हाताशी होती. घेतली नाही.
मशीन तसंच नाकाखाली, श्वास तसाच,
ओठ सोडला तर ती जाणार
एवढं कळत होतं.

मोरीतनं श्यामला ओरडली,
अहो, पाणी गेलं ओ, मोटर बंद करा की!

माझा हात वर गेला.
थांब.