नमुन्यांचा अल्बम

रात्री साडेअकराला वहीच्या मागच्या पानावर
मी धंदा मांडते.
बारा टेम्प्लेटं. एकेकाला तीन आठवडे धरू.
किंमत एकोणीस डॉलर,
त्यातले निम्मे बाजार भरवणारा घेणार,
उरल्यात बँक, कर, डॉलरचे रुपये होताना सांडतं ते,
आणि ज्यांना बटण निळं हवंय पण कुठं बदलायचं कळत नाही
त्यांच्या मेलांना उत्तरं.
त्याला तास किती, म्हणून एक रकाना आखलाय.
तो कोरा आहे.
खर्च पेनानं लिहिला,
नफा पेन्सिलीनं.

खाली गणपती पेठेत शटर अर्धं वर.
लग्नसराई सरली तरी अण्णा
पत्रिकांचे अल्बम फडक्यानं पुसत बसलेत.
"किती खपली?"
चार. चार महिन्यांत.
दोन फिनलंडला, एक ब्राझीलला,
एक आपल्या सुकुमारनं घेतलं मन राखायला
आणि लगेच फोन केला, पैसे परतीचं बटण कुठाय गं?

"माल इकला तरी माल तिथंच.
संपतच न्हाई म्हणतीस.
मग घेणाऱ्याला वाटणारच की, फुकट का न्हाई."
तिथं फुकटची पाचशे पडलीत,
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांनी एकशे सात नंबर उघडला.
मरून कार्ड, सोनेरी कड, मधे मोकळी जागा.
"ह्याच्यावर मगदुमांची पोर गेली, माळ्यांच्या दोघी गेल्या,
गणपती काढून चंद्रकोर घातली
तर मुल्लांचा निकाह झाला.
कार्ड शिवकाशीचं. पेठेत समद्यांकडं तेच.
कार्डात काय मिळालं न्हाई कधी."
मग?
त्यांनी हनुवटीनं स्टूल दाखवलं.

त्या स्टुलावर माणसं यायची घामेजलेला कागद घेऊन.
थोरल्या काकाचं नाव वर की मामाचं,
कैलासवासी कुणाकुणाच्या आधी,
रुसलेल्या आत्याला कुठल्या ओळीत बसवायचं.
दोन-दोन तास.
"मी च्या सांगायचो आणि गप बसायचो.
बिलात लिवायचो, छपाई."

वर आले. माझ्या साती-आठी पानांवर
तुमचे नाव येथे, तुमचे नाव येथे.
जागा चांगली सोडलीय मी, समास मोजून,
मोबाइलवरसुद्धा न मोडणारी.
पण स्टूल फिनलंडला कसं पाठवायचं?
वहीत हा प्रश्न कुठल्या रकान्यात बसतो
ते कळेना, म्हणून झोपले.

गुरुवारी बसगोंडा बिरनाळे आले, हळदीचे अडते,
बोटांच्या रेषांत पिवळं मुरलेलं.
"मुलगा म्हणतोय साइट पायजे."
सात नंबर दाखवलं. ते मी दातांच्या दवाखान्यासाठी केलेलं,
दात काढले, हळकुंडं ठेवली.
फोन नंबर मोठा करा म्हणाले. केला.
अजून मोठा. केला.
आजोबांचं नाव पहिलं. मग म्हणाले, नको, वडलांचं,
मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.
नंतर हरिपूरच्या पेवाचा फोटो काढला खिशातून,
जमिनीत काळं भोक, कडेला दोन माणसं.
"आता रिकामंच हाय. तरी घाला."
कुठं घालू?
"वर. समद्यात वर."
चहा दोनदा सांगितला. चार तास गेले.
पंधरा हजार म्हटलं, साडेनवावर तुटलं,
जाताना किलोभर हळद ठेवून गेले,
ती कीबोर्डावर सांडली थोडी.

धंदा चालेल का, ते वहीत अजून नाही.
कोऱ्या रकान्यात चार लिहिले, तेही पेन्सिलीनंच.
सात नंबर तिकडं अजून एकोणीस डॉलरला आहे,
दातांसकट.

बिलावर काय घालू, मी खाली विचारलं.
अण्णांनी अल्बमातून मान वर केली नाही.
"छपाई घाल."