सोळा गाणी, बारा पौंड

नेव्हिल, काल डेपोत तू विचारलंस,
डेस कोल्डबेकचा तो निवडक गाण्यांचा संग्रह घ्यावा का.
तोंडात घास असल्यासारखी मी नुसती मान हलवली.
खरं तर सँडविच केव्हाच संपलं होतं.

आज सुट्टी. ग्रिम्झबीत करण्यासारखं दुसरं काय?
फ्रीमन स्ट्रीटला ऑड्रीच्या दुकानात गेलो,
चष्मा पुसून मागची यादी वाचली.
सोळा गाणी. चौदा माझ्याकडे आहेतच.
उरलेली दोन नवीन, म्हणजे गळाला लावलेली आळी;
ती ओळखायला या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.
मुखपृष्ठावर डेस पंचविशीतला,
आतल्या पानावरही पंचविशीतलाच.
सत्तरीचा डेस कुठे दडवलाय, देव जाणे.

बँड सोडून तो एकटा निघाला तेव्हाची पहिली तबकडी,
'मिठाचा पगार'. तिच्यातली सहा घेतलीत.
'बर्फघर'मधली सात.
'तिसरी पाळी'मधलं एकच,
तेही बिस्किटांच्या जाहिरातीत वाजलेलं.
ज्या गाण्यात त्याचा आवाज फाटतो
आणि तो तसाच पुढे गातो, ते नाही.
कुणीतरी स्वच्छ हातांनी निवडलंय हे सगळं.

आणि सांधे निखळलेत, ते वेगळंच.
'बर्फघर'मध्ये तिसरं गाणं संपतं,
मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं,
मग हळूच चौथ्याचा ऑर्गन.
इथे खुर्ची सरकते आणि भलतंच गाणं उठून उभं राहतं;
मी थांबा पुकारावा मच्छी बंदराचा
आणि दार उघडावं थेट क्लीथॉर्प्सच्या वाळूवर,
तसं.

ऑड्रीला म्हणालो, हे म्हणजे कॉड मासा फेकून
नुसते त्याचे गाल विकणं झालं.
ती म्हणाली, गालांनाच भाव जास्त असतो, सेसिल.
आणि माझं तोंड बंद व्हावं म्हणून
अकरावं गाणं लावलं.

ते मला पाठ आहे. म्हणजे, होतं.
एकोणऐंशीच्या नाताळात एनिड नाचता नाचता
तिचं कोपर लागलं, सुई घसरली,
तबकडीवर केसाएवढा ओरखडा.
तेव्हापासून डेस म्हणतो, 'मी परत येईन',
मग टक्,
मग लगेच, 'दारात उभा राहीन'.
चाळीस वर्षं गाणं तेवढंच.
एनिड गेली (मेली नाही, लिंकनला गेली)
त्या हिवाळ्यात शेवटच्या रिकाम्या फेरीला
मी हेच गुणगुणायचो, त्या टक्सकट.

दुकानात टक् आलंच नाही.
'मी परत येईन,' तो म्हणाला,
'तुझं नाव तेवढं पुन्हा सांग,
दारात उभा राहीन.'

ऑड्री पिशवी उघडून उभी होती.
मी म्हटलं, परत लाव.
हे दुकान आहे, वाचनालय नाही, असं म्हणत
तिनं लावलं.
नावच विसरलेला माणूस.
आणि मी समजत होतो, भरवशाचा आहे,
काही झालं तरी येणारच असा.
एनिडला तेव्हा ऐकू आलं असेल का,
ओरखडा पडायच्या आधी?
तिला ते गाणं कधीच आवडलं नव्हतं.
कारण मी विचारलं नव्हतं.

घेतलं का, म्हणशील. तेच तर सांगतोय.
रिकाम्या हातांनी घरी आलो, जुनी तबकडी काढली,
बाहीने पुसली, लावली.
सुई उडाली त्या फटीत
ती ओळ मीच म्हणायला गेलो, बेसूर.
मावेना.
जागाच नव्हती तिथं,
पुढचे शब्द आधीच दारात उभे.

तर तू घे, नेव्हिल. बारा पौंड काही फार नाहीत,
आणि तुला खुर्चीचा आवाज कुठे माहीत आहे.
जेवणाच्या सुट्टीत आणलंस
तर अकरावं लाव.
मी सँडविच खात असेन.