चमचाभर

एकतीस पेले त्यानं उचलले, मेलेल्यांच्या नावानं,
नातवाच्या नावानं, शेजाऱ्याच्या गाभण गाईच्याही.
मग अंगणात उलटी, आणि छातीत
जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज.
हे त्याची बायको सांगते, लामझिरा.
तिला तो ओसरीवर ऐकू आला म्हणे.

कुताइसीत पहाटेचे चार.
डॉक्टर नाझी दुर्बीण आत सोडते, मी नळी धरते.
पडद्यावर गुलाबी बोगदा, आणि डाव्या अंगाला
एक दार, जिथे दार नसायला हवं.
पलीकडे द्राक्षाची साल.
अर्धवट चावलेला अक्रोड.

आता टाके धरायचे नाहीत, ती म्हणते, उशीर झालाय.
स्पंज कापते अंगठ्याएवढा,
भोकात बसवते. नाकातून नळी, नळीला पंप.
घाण ओढत राहील रात्रंदिवस,
आणि जखम स्वतःलाच जवळ ओढेल.

दर चौथ्या दिवशी जुना काढायचा, नवा ठेवायचा,
प्रत्येक वेळी थोडा धाकटा.
सातव्यांदा कापण्यासारखं काही उरलं नाही.
बोलता येत होतं ज्युम्बेरला, तरी पाटीवर लिहायचा:
मडक्यांची झाकणं लिंपली का?
लिंपली नव्हती. तिनं मान हलवली.

आज पाणी. चमचाभर.
त्यानं चमचा डोळ्यांपर्यंत उचलला
आणि सवयीनं थांबला,
कुणाच्या नावानं, ते आठवत.
खोलीत आम्ही तिघी. पंप बंद.
लामझिरा म्हणाली, गिळ आधी.